घडमांजर

पीकविम्याचे पेंडसे साहेब अडावदला आले
तेव्हा मे होता, पारा पंचेचाळीस,
आणि आम्हाला दुसरं काही काम नव्हतं.

सुकलाल म्हणाला, "बागेत जाताय तर टोपी घाला."
"हो, ऊन फार आहे."
"उन्हाचं नाही हो. घडमांजराचं."

केळीच्या घडामागे उलटं लटकतं.
रंग कच्च्या केळीचा, म्हणून दिसत नाही.
वजन बारा किलो, झिपरू म्हणाला.
ते पिल्लाचं, राजधर म्हणाला.
गावच्या माणसाला काही करत नाही,
पण कुणी 'केळ' म्हणालं, ळ असा जागच्या जागी,
की मानेवर धप्प.
आम्ही केय म्हणतो. म्हणून तर अजून आहोत.

उपाय?
शेवभाजीची तर्री, कानामागे दोन बोटं,
आणि दर चार खोडांनी मोठ्यानं म्हणायचं,
"मी आठलाच शे, भो."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. भो ऱ्हस्व की दीर्घ, तेही विचारलं.

सकाळी बागेत साहेब:
कान लालभडक, डोळ्यांत पाणी,
मागे गावातली तीन कुत्री जीभ काढून,
आणि हात जोडून एकेका खोडाला
"मी आठलाच शे, भो."
आम्ही बांधामागे पोटं धरून.
राजधर तर पाटातच पडला.

साहेब गेले. विसरलो.
श्रावणात तालुक्याहून कागद आला:
घडमांजरामुळे झालेल्या नुकसानीचा तपशील.
नर किती, मादी किती. फोटो तीन प्रतींत.

गाव एकदम गंभीर झालं.
झिपरूने सात लावले.
सुकलालने नऊ, पैकी दोन गाभण.
राजधर एकटा म्हणाला, खोटं लिहू नये,
आपल्याकडे चारच.

परवा माझी रात्रीची लाइट होती.
दोनला मोटर टाकली, केळीत शिरलो.
वारा नव्हता. पान हललं.
पाचव्या ओळीत कुठेतरी धप्प.

घड असेल. पोसलेला घड कधी कधी खोडासकट येतो खाली.
बॅटरी हातात होती, तिकडे वळवली नाही.
तीन पिढ्या या मातीतला मी,
सातबारा आहे, मतदार यादीत फोटो आहे.
तरी सांगून ठेवलेलं बरं.
घसा खाकरून, जरा जोरातच म्हणालो,
"मी आठलाच शे, भो."

थोडा वेळ नुसता पाटाच्या पाण्याचा आवाज.
मग पलीकडच्या बांधावरून, अंधारातून,
सुकलाल, बारीक आवाजात:
"मी बी, भो. मी बी."