साइड बी, शेवटचं

वडशाच्या बाजारगल्लीत लतीफभाईचं रेडिओचं दुकान
आणि मी तिथला हरकाम्या.
चहा आणायचा, कैया तापवायचा,
अडकलेली टेप पेन्सिलीनं मागं फिरवायची.

त्या साली त्यानं कॅसेट काढायचं ठरवलं.
स्टुडिओ कुठला. कापगत्यांची भातगिरणी होती,
तिन्ही भिंतींना धानाची पोती, पार कवेलूंपर्यंत.
लतीफ म्हणाला, "पोतं आवाज पिते.
अशी खोली पैसे देऊनही भेटत नाही."

रात्री अकरानंतर पट्टा उतरवून, दार लावून
पेटीवर इस्तारी, ढोलकीवर फागो नंदेश्वर
आणि मधे अनुसया ठवरे,
दिवसा त्याच गिरणीतली मापारीण,
केसांत अजून कोंडा.

मला बाहेर बसवलं होतं, कुत्र्यांना गप्प ठेवायला,
खिशात सुकट देऊन.
तिसऱ्या गाण्यात एक कुत्रं आहे.
दुसऱ्या कडव्याआधी नीट ऐका.
तो मी. मला डुलकी लागली होती.

पहाटे चारला गाणी संपली
आणि टेप उरली, चारेक मिनिटांची.
"कोरी सोडली तर गिऱ्हाईक परत आणते,
म्हणते फसवलं. म्हना ना बाई, काहीबी."
इस्तारीचे हात गेलेले. फागो पोत्यावर घोरत.
"मले आता काई याद नाई येत जी," ती म्हणाली,
आणि सवयीनं कुडो उचलला,
आणि धान मोजू लागली.

लाभ.
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत आमच्याकडे.
लाभ गा लाभ.
दोन गा दोन.
रोज उन्हात म्हणायची तेच, त्याच ओढीनं,
आकडा उचलायचा, लांबवायचा,
धान पडेपर्यंत हवेत धरायचा.
मी दाराच्या फटीतून पाहत होतो.
लतीफची सिगारेट बोटापर्यंत आली तरी त्याला कळलं नाही.
एकोणीस गा एको
खट.

कव्हरवर फोटो छापला
साडीच्या कॅलेंडरातल्या कुण्या बाईचा.
शेवटच्या गाण्याला नाव नव्हतं. छापखान्यात मीच सांगितलं, 'धान'.
त्यांनी छापलं 'ध्यान'.

मग काय, कुणी ती देवघरात लावली.
मंडईच्या रात्री लाउडस्पीकरवर लागली, ट्रकात लागली,
बाळंतिणीच्या उशाशी लागली, पोर झोपते म्हणून.
दोन डेक समोरासमोर ठेवून मी प्रती उतरवत राहिलो
सातशेपर्यंत. पुढं मोजलं नाही.

अजून विचारतात, बाई एकोणीसला का थांबली?
साकोलीचा एक मास्तर सांगतो, अठरा पुराणं आणि वर एक ती.
लाखांदूरकडं म्हणतात, मालक आला, हातातला कुडो हिसकावला.
कुणी म्हणतं, मुलगा गेला होता तिचा एकोणिसाव्या वर्षी,
आकडा आला आणि गळा दाटला.
तिला मुलगा नव्हताच. तीन पोरी,
तिघी धडधाकट, मधली ग्रामसेविका.

मी सांगतो, साठची कॅसेट होती, संपली.
हे कुणाला पटत नाही.
परवा एकजण माझ्यावरच चिडला,
तुम्ही कुठं होता तेव्हा, म्हणाला.
बाहेर होतो, हे खरं.

गेल्या वैशाखात अर्जुनीला लग्न होतं.
डीजेवाल्या पोट्ट्यानं तेच लावलं, खाली धमक भरून,
एकोणीसवर सगळा आवाज तोडला
आणि अख्खा मांडव ओरडला, "खंडी!"

अनुसयाबाई पंगतीत होत्या, माझ्या शेजारी.
आता ऐकू कमी येतं.
"कोनाची खंडी गा?"
"तुमचीच जी."
"माही कायची? गिरनीवाल्याची."
आणि भातात बोटांनी खड्डा केला,
वरण वाढणारा पुढं जाऊ नये म्हणून
एक हात वर धरून.