संशोधकाची भूमिका

लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात
एक छोटं कलम असतं: संशोधकाची भूमिका.
हिवराळे सर म्हणतात, अर्धं पान पुरे.
तू कोण, कुठली, विषयाशी तुझं नातं काय,
लिही आणि पुढे हो.

तीन आठवडे झाले, मी त्याच अर्ध्या पानावर आहे.

विषय घेतला तेव्हा सोपा वाटला होता:
ग्रामपंचायत निवडणुकीतील प्रचाराची भाषा.
गाव माझंच, खारपाणपट्ट्यातलं,
अमरावतीहून दोन एसट्या
आणि शेवटचे चार किलोमीटर
जो भेटेल त्याच्या मागच्या सीटवर.
वर्गात आम्ही नऊ, त्यातले तिघे पोलीस भरतीचं बघतात.
फळ्यावर सरांनी लिहिलेलं ‘तटस्थता’
दुसऱ्या दिवशी अर्धवट पुसलेलं होतं,
‘तट’ तेवढं उरलेलं.

जे अजून कुठे लिहिलं नाही ते हे:
तिसऱ्या सत्राची फी राहिली होती.
मूर्तिजापूरला जब्बारभाईंच्या दुकानामागे
अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकलेली खोली आहे,
तिथे मी छत्रीसाठी बोलले. बाराशे रुपये.
चार दिवसांनी कपबशीसाठी.
त्यांनी पंधराशे दिले,
छत्रीवालीचा आवाज त्यांना फार आवडला होता.

मजकूर जब्बारभाईंचा, दोघांना एकच,
चिन्हापुरती जागा मोकळी:
माय-बापहो, यंदा घराघरात गोडं पाणी मिळेल.
‘गोडं’वर जरा थांब, ते म्हणाले,
लोकाईले चव आली पाह्यजे.
रात्री घसा बसला. आईने गुळण्यांना पाणी तापवून दिलं.
आमच्याकडे त्यात मीठ टाकावं लागत नाही.

प्रचाराचा शेवटचा दिवस.
गिरणीच्या वळणावर दोन ऑटो समोरासमोर,
बोळ एकाच ऑटोचा.
पुंजाजी मागे घेईना, किसना मागे घेईना,
दोघांनी आवाज वाढवला
आणि मी मला म्हणाले, गोडं पाणी मिळेल,
आणि मीच मला, अर्ध्या श्वासाने उशिरा,
गोडं पाणी मिळेल.

मी वही घेऊन गिरणीच्या ओट्यावर.
निरीक्षण: सकाळी अकरा चाळीस, उपस्थिती अंदाजे तीस,
एक कुत्रं, प्रतिक्रिया संमिश्र.
पट्ट्याच्या धडधडीतही माझं वाक्य ऐकू येत होतं.

शेवंताबाई तायडे डब्यात पीठ दाबत होत्या.
न बघताच म्हणाल्या,
“कोनाचं खरं मानाव वं पोरी?
तू तं दोन्हीकून बोलून रायली.”

तुम्ही ओळखलं?

“तुयाच आवाज होय थो. अंगनवाडीत गानं म्हने
तवा ‘डोये’ म्हने तू, ‘डोळे’ नाही.
आता कशी ‘मिळेल’ म्हनते.
बरी शिकली.”

डबा काखेत मारून त्या दोन्ही ऑटोंच्या मधून
तिरक्या होऊन निघून गेल्या.

त्यांची मुलाखत मोबाइलमध्ये आहे, बावीस मिनिटं.
लिप्यंतर करताना माझी बोटं
त्यांच्या ‘मियेन’चं ‘मिळेल’ करतात,
मी खोडते, ती पुन्हा करतात.

छत्री आली, नऊपैकी पाच.
जब्बारभाईंनी दोघांनाही विजयाच्या मिरवणुकीचा मजकूर
आधीच करून ठेवला होता.
तोही माझ्या आवाजात. त्याचे पैसे यायचेत.

काल सरांना विचारलं,
सर, आवाज दिला तर ती भूमिका होते का?
सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला,
खिडकीतून कँटीनकडे पाहिलं.
“तळटीप दे,” म्हणाले.

दिली.
तळटीप सात: दोन्ही पॅनलच्या ध्वनिफितींतील आवाज
एकाच व्यक्तीचा आहे.
ती व्यक्ती गावातच राहते, संपर्क उपलब्ध आहे.
मुलाखतीला तिने अद्याप होकार दिलेला नाही.