चोवीस पॉइंट नऊ

शेवटचा पेपर संपला की मुली क्षणभर गप्प असतात
आणि मग एकदम उसळतात,
तापल्या परीक्षानळीतून पाणी उसळावं तशा.

मी आत, मोरीपाशी. कितालेच्या या शाळेत
एकोणीस वर्षं काचा धुतोय.
बाहेर खिडकीखाली, जॅकरंडाच्या जांभळ्या सड्यावर
त्या उत्तरं जुळवतायत.

"तुझं किती?" "बावीस पॉइंट चार."
"माझं चार, चार, मग पाच. सरासरी घेतली मी."
"माझंही चारच!" म्हणत अकोथ
नासिमियूच्या गळ्यात पडते,
जिच्याशी ती ऑगस्टपासून बोलत नव्हती.

मग क्षार. कुणी म्हणतं झिंक, कुणी ॲल्युमिनियम.
"अमोनिया जास्त घातल्यावर साका विरघळला ना?"
"माझा नाही विरघळला."
"नळी हलवलीस का?"
"हलवायची होती?"
यावर कुणीच हसत नाही.

क्षार कोणता ते मला माहीत आहे.
सीलबंद पाकिटातला कागद वाचून
मीच तो तोलला, मीच विरघळवला.
वान्यामा सरांनी काढलेला शाळेचा आकडाही माहीत आहे.
पण माझ्या तोंडाला बूच.

नालियाका अजून बोललेली नाही.
खुरपणीच्या दिवसांत जन्मली म्हणून हे नाव.
वर्गातही ती तशीच, दुसऱ्यांच्या गणितातलं तण
मुकाट्यानं उपटून देणारी.
तिला सगळ्यात शेवटी विचारतात,
दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तसं:
"तुझं चारच ना?"

"चोवीस पॉइंट नऊ."

"तिन्ही वेळा?"
"तिन्ही वेळा. जवळजवळ."

क्षणभर सगळ्यांनाच वाटतं आपण चुकलो.
मग ते ओसरतं. पंचवीस जणी, आणि ही एक.
"असेल गं, तुझं द्रावणच वेगळं असेल,"
जेबिवोत म्हणते, तिला स्वतःलाही न पटणारं,
आणि बोलणं हळूच सरकतं
ट्रंकांकडे, मातातूच्या वाढलेल्या भाड्याकडे,
घरी मक्याची कापणी उरली असेल का, याकडे.

मी चौदा नंबरची ब्युरेट धुवायला घेतो.
पाणी भरतो, स्टँडला लावतो, सवयीनं थांबतो.
तोटी बंद आहे.
तोटीच्या मागून, काचेच्या पाठीवरून
एक थेंब उतरतो.
टेबलावर पडतो.
मग दुसरा.
लाकडावर आधीचाच एक ओला डाग आहे,
रुपयाएवढा नाही, तळहाताएवढा.

तिचा हात बरोबर होता. डोळाही.
नळीतून जेवढं गेलं तेवढंच तिनं लिहिलं.
सगळं शंकूपात्रात पडलं नाही, एवढंच.

ही ब्युरेट तपासून इथे ठेवली कोणी?
मी. सोमवारी रात्री, वीज गेलेली,
टॉर्च दातांत धरून. सव्वीस ब्युरेटी.
विसाव्यानंतर तोट्यांना नुसता हात लावत गेलो.

खालच्या खोलीत पर्यवेक्षक बाई
पिशवीचं तोंड बांधतायत.
फाटकापाशी पोलिसांची गाडी घरघरतेय.
बोललो तर विचारतील, बारासा, आता कसं सांगतोस?
आणि एकोणीस वर्षं धुतलेल्या काचा
कुणाला आठवणार नाहीत.

ब्युरेट स्टँडवरून काढतो. पुन्हा शून्यापर्यंत भरतो.
दोन्ही हातांनी उभी धरून, तशीच, बाहेर पडतो.
मुली वाट देतात. कुणीतरी म्हणतं,
"बारासा, गळतंय ते."
पाणी मनगटावरून कोपराकडे येतं,
कोपरावरून पायरीवर.

नालियाका ट्रंकेवरून उठलेली नाही.
फक्त बघते, आधी पायरीकडे,
मग काचेवरल्या रेघांकडे.
तिचे ओठ हलतायत.
मोजतेय.