पाव गोळी

शनिवारी रात्री कुताइसीत आमच्या गल्लीतली वीज गेली,
तासाभराने आली.
फ्रीज कण्हला,
वरच्या मजल्यावरचा त्सिउरीचा टीव्ही अर्ध्या वाक्यापासून बोलू लागला,
मी मेणबत्तीवर फुंकर घातली.
नात्साराच्या डोळ्यांत तेवढी वीज आली नाही.

नात्सारा म्हणजे राखेच्या रंगाची.
वय चौदा, दात नऊ.
उजेडात तिच्या बाहुल्या सुईच्या नेढ्याएवढ्या होतात.
त्या रात्री दिव्याखालीही त्या पसरलेल्याच राहिल्या,
पिवळ्याची नुसती कड उरली,
ताटलीच्या काठाला मध राहतो तेवढी.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
ही डोळे सताड उघडे ठेवून
वाटीशेजारची फरशी चाटत होती.

मग ती भिंतीकडे गेली, भिंत तिथे नसल्यासारखी.
नाक आपटलं. वळून तिने माझ्याकडे,
म्हणजे माझ्या थोडं डावीकडे, रागाने बघितलं.
मला हसू आलं.
खोटं कशाला सांगू.

रविवारी काळा चहा गार करून
कापसाने तिचे डोळे पुसले.
आईने माझे पुसले होते, मी लेकीचे.
चहाने जातं ते चिपड.
हे चिपड नव्हतं, आणि ते मला कळत होतं.
पण रविवार होता,
आणि रविवारी माणसाला
बरंच काही सोमवारवर ढकलता येतं.

सोमवारी वाझाने त्याच्या ओपेलमधून नेलं.
मागे अक्रोडांची पोती.
पुलावर गाडी हादरली, अक्रोड खडखडले,
टोपलीतून तिचे दोन्ही कान तिकडे वळले,
जणू बघायचं काम आता त्यांच्याकडे आलेलं.

डॉक्टर एलीसो, वाझाच्या धाकटीच्या वयाची.
तिने बॅटरी मारली, दोनदा.
मग नात्साराच्या पुढच्या पायाला
बाहुलीच्या मनगटाला बसेल एवढा पट्टा गुंडाळला.
आकडा दोनशे चाळीस.
मांजरालाही ब्लडप्रेशर असतं? मी विचारलं.
असतं, मावशी. आतला पडदा सुटलाय,
ओल आली की भिंतीचा कागद सुटतो ना, तसा.
कधीपासून दिसत नाहीये?

काल, मी म्हणाले.
मग म्हणाले, परवा.
तिने परवा लिहून घेतलं.

बसतो कधी कधी पडदा परत, ती म्हणाली,
लवकर आणलं तर.
'लवकर' तिने अगदी हळू म्हटलं.

चिठ्ठीवरचं औषध वाचायला चष्मा लागला नाही.
तीच गोळी सहा वर्षं माझ्या उशाशी आहे.
मला अख्खी, तिला पाव.

पावाच्या सुरीने गोळीचा भुगा झाला.
मग ओतारचं दाढीचं पातं शोधलं,
तो गेल्यापासून कागदात गुंडाळलेलं.
त्याने चार नीट तुकडे झाले.
पहिला तिने थुंकला, सोफ्याखाली.
दुसरा सुलुगुनी चीजच्या गोळ्यात भरला, तो गेला पोटात.
उरलेले रिकाम्या काडेपेटीत ठेवले.

गुरुवारी गुराम दोरी घेऊन आला,
ओतारची खुर्ची न्यायला. चाळीस लारी ठरले होते.
मी म्हटलं, नाही देत.
का?
नात्सारा आधी खुर्चीचा पाय हुंगते,
तिथून सहा पावलं शेगडी, मग दार, मग वाटी.
खुर्ची गेली तर घराची सुरुवातच जाईल.
गुराम म्हणाला, मांजरासाठी?
मी म्हटलं, हो.
तो दोरी गुंडाळत जिना उतरला. बडबडत.

एलीसो म्हणते डाव्या डोळ्यात सावली हलत असावी.
असावी.
मी बोट फिरवते, ती हुंगते.

काल रात्री पुन्हा वीज गेली.
मी पलंगावरून उठून हात फिरवत राहिले,
टेबलाचा कोपरा मांडीत घुसला,
त्सिउरी वरून सरकारला शिव्या देत होती.
नात्सारा पलंगावरून उतरली,
खुर्ची, शेगडी, दार,
आणि काळोखात लपक लपक दूध प्यायला लागली.

माझ्या हाताला एकदाची काडेपेटी लागली.
उघडली.
आत पाव पाव गोळ्या.