विनातिकीट

ब्लाझेनाबाईंनी एकतीस वर्षं
ओस्त्रावाच्या ट्राममध्ये तिकिटं तपासली.
फुकट्या माणूस त्यांना पाठमोरा ओळखू येई :
तो खिडकीबाहेर
जरा जास्तच मन लावून बघतो.

आता चौथ्या मजल्यावर, काचा लावलेल्या गॅलरीत
त्यांच्या किडेखाऊ कुंड्या.
सारासेनियाचे उभे चंबू,
ड्रोसेराच्या चिकट पापण्या,
आणि व्हीनसचा एक सापळा, त्याला त्या डायरेक्टर म्हणतात,
कारण तोंड मोठं आणि काम महिन्यातून एकदा.
प्रत्येकाला पाटी. पाटीवर नाव, तारीख,
कुणाकडून आलं ते.

मार्चमध्ये चंबूंच्या पायाशी, शेवाळावर
खसखशीएवढी पानं दिसली.
मग तांबूस देठ, केसाहून जेमतेम जाड;
आधी सावली दिसली, मग तो.
टोकाला पिवळं फूल, तांदळाच्या दाण्याएवढं.

पाटी नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, भिंग घेतलं.
"आपण कुठे चढलात?"
जुनी सवय. बोलायचं अदबीनं
आणि दारात आडवं उभं राहायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या क्रिश्तोफनं
शाळेचा मायक्रोस्कोप आणला, सोमवारी परत करायच्या बोलीवर.
मी तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू,
मला फोटो काढायला बोलावलं.
चिमूटभर शेवाळ बशीत धुतलं.
पांढरे धागे, धाग्यांना फुगे,
साबुदाण्याची जणू खापरपतवंडं.
प्रत्येक फुग्याला दार. आत उघडणारं.
दारावरच्या केसाला कुणी नुसतं शिवलं
की पाणी आत, पाण्यातला जीव आत, दार बंद,
पापणीला कळायच्या आधी.
"गर्दीच्या वेळची आठ नंबर," क्रिश्तोफ म्हणाला.
बाई हसल्या नाहीत. मग हसल्या.

युट्रिक्युलारिया, हे तर ठरलं. पण कोणती?
लिव्हिडा असती तर फूल फिकट जांभळं.
बिस्क्वामाटा असती तर पांढुरकं, हनुवटीवर पिवळा डाग.
"रंगावर जायचं नाही," बाई म्हणाल्या,
"कोट चांगला असलेलेच जास्त फसवतात."
देठावरचं इवलं पान बघितलं :
कडेनं चिकटलेलं नाही,
मधोमध टाचलेलं, ढालीसारखं.
सुब्युलाटा.
निम्म्या देठांवर तर फूलच नाही, टाचणीच्या डोक्याएवढी मिटलेली कळी.
ती कधी उघडतच नाही.
आतल्या आत सगळं उरकते आणि बी टाकते.

"उपटून टाका," क्रिश्तोफ म्हणाला.
बाईंनी चिमटा घेतला, ठेवला.
हिला मूळच नाही.
मूळ नाही तिला समूळ कसं उपटणार?
तुटला तेवढा धागा हातात,
उरला तो खाली जेवत बसलेला.

मी म्हटलं, आमच्याकडे पठारावर
हिच्या जांभळ्या बहिणी असतात.
त्यांना सीतेची आसवं म्हणतात.
"सीता कोण?"
गोष्ट केवढी, आणि माझं चेक केवढंसं.
एक बाई, म्हटलं. जमीन दुभंगली. ती आत गेली.
परत आली नाही.

समोर बंद खाणीचा मनोरा,
वरचं चाक थांबलेलं.
"माझा भाऊ," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "ओल्डरिख. सकाळची पाळी."
पुढे काही नाही.
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या
जरा जास्तच मन लावून.
मी तिकीट मागितलं नाही.

मग त्यांनी दह्याचा रिकामा डबा कापून पाटी केली.
नाव लिहिलं. तारीख लिहिली.
'कुणाकडून' पाशी पेन टेकवलं,
उचललं.

पुढच्या आठवड्यात डायरेक्टरच्या कुंडीतही
दोन देठ उभे.
तिथे मात्र दंड घ्यायचा, असं ठरलं.
अजून घेतलेला नाही.