दुसऱ्यांदा पाहताना

गोम्बोसुरेन टेबलावर आडवे झाले, सदरा वर घेतला
आणि माझ्या हातातल्या जेलच्या बाटलीकडे बघून म्हणाले,
गार असेल ना?
बाहेर उणे एकोणतीस. अर्वायखेरमधला मार्च.
तिकडे कळपात कोकरं जन्मायला लागलेली,
आणि हा माणूस जेलला बिचकतोय.

मी प्रोब बरगड्यांखाली दाबला.
अल्ट्रासाउंड म्हणजे विहिरीत तोंड घालून हाक मारणं
आणि काय परत येतं ते ऐकत राहणं.
आतड्यातला वारा आडवा आला की हाक तिथंच विरते,
चरबीतून गेली की घोगरी होते.
हात माझा, कान माझा,
चुकलं तर तेही माझंच.
श्वास घ्या. धरा. सोडा.
उजवीकडे, मागच्या बाजूला,
करड्यात एक जास्त करडं. चार सेंटिमीटर.

पोटात गोळा त्यांच्या होता,
आला मात्र माझ्या.

काय दिसलं?
काहीतरी आहे. काय आहे, ते हे यंत्र सांगत नाही.
मग ते हसले.
पन्नास वर्षं मेंढरं कापतोय मी.
छातीखाली वीतभर चीर, हात कोपरापर्यंत आत,
शीर चाचपायची, बोटानंच तोडायची,
जमिनीवर रक्ताचा थेंब नाही.
काळीज वाटेत लागतंच.
खरखरीत लागलं तर कुत्र्यालाही घालत नाही मी.
आणि माझ्याकडे असं पाहिलं,
जणू हात घालायला मीच भितेय.

ओदोन्चिमेगनं गाडी काढली. राजधानी चारशे तीस किलोमीटर.
सीटीला घाई असते.
शिरेतून औषध गेलं, अंगभर ऊन उतरलं
(मुतलो की काय वाटलं, ते नंतर म्हणाले)
आणि दहा सेकंदांत पोटाचे काप, पावाचे करावेत तसे.
गोळा सगळ्यांआधी पेटला,
आणि बाकीचं काळीज सावकाश उजळत असताना
हा विझून बसला.
बारा वर्षांची जुनी कावीळ, आणि असं घाईनं पेटणं-विझणं:
रिपोर्ट लिहिणाऱ्याला एवढं पुरलं.
एकच आहे, कापून काढू, सर्जन म्हणाले.
तरी एमआरआय करून घ्या.

त्यासाठी तीन आठवडे रांग.
तीन आठवड्यांत एकशे सात कोकरं, त्यांतली अकरा थंडीनं गेली.
मग खोलीच्या दाराशी कुणीतरी म्हणालं, कंबरेची सुरी काढा.
लग्नातसुद्धा काढली नव्हती त्यांनी.
एमआरआय उजेड पाडत नाही, किरण सोडत नाही,
तो अंगातल्या पाण्याला विचारतो, आणि पाणी सावकाश बोलतं.
पंचवीस मिनिटं नुसता खडखडाट, पत्र्यावर गारा पडल्यासारखा,
मधूनमधून, श्वास धरा.
पाण्यानं एक जास्तीचं सांगितलं:
डावीकडे, नऊ मिलिमीटर.
सीटीला दिसलं नव्हतं. मला तर नाहीच.

जेवढं यंत्र चांगलं तेवढी बातमी वाईट,
असं ओदोन्चिमेग मला फोनवर म्हणाली.
मी काही बोलले नाही. बातमी आधीपासून तिथंच होती.

मेमध्ये ते परत माझ्या टेबलावर.
बेत बदलला होता. मोठा कापायचा, छोट्यात सुई घालून जाळायचा,
आणि सुईला वाट दाखवायला पुन्हा हेच माझं स्वस्त यंत्र,
कारण शिरताना सुई शिरताना दिसायला हवी, काल काढलेल्या फोटोत नाही.
मला आधी तो माझ्या पडद्यावर सापडायला हवा होता.
बाटली या वेळी हीटरवर ठेवली होती.
प्रोब तिरका केला. नाही.
कुशीवर वळवलं. नाही.
मग, आता कुठं पाहायचं हे माहीत असल्यामुळे,
एका शिरेच्या आडोशाला, मसुराएवढा.

तेव्हाही होता?
होता.
तुला दिसला नाही.
नाही दिसला.
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.
संध्याकाळी कळप मोजताना माझंही एखादं राहतं, ते म्हणाले.
पुन्हा मोजलं की सापडतं.
आईच्या आड उभं असतं, हललेलंही नसतं.

मग अजून एकदा मोज.

आणि मी सांगायच्या आधीच
त्यांनी श्वास धरला.