पाळीतली घूस

इस्तारी वलथरे पाळीवरून चालतो
तेव्हा पाण्याकडे बघत नाही.
माती बघतो.
कुठे ओली, कुठे भुसभुशीत,
कुठे कालपर्यंत नव्हती ती
चहाच्या कपाएवढी ढिगोळी.
"रातची हाये," चिमटीत चुरून म्हणतो,
"अजून दव नाई पेली."

तलाव सलंगापर्यंत भरलेला.
खाली बांध्यांमध्ये भारी धान पोटरीला आलेला.
मधे ही पाळ, कुणा मालगुजाराच्या वेळची,
आणि पाळीच्या पोटात ती.

तिचं एक दार पाण्याखाली असतं
हे मला माहीत नव्हतं.
इस्तारीने मला बेशरमाच्या झुडपाआड बसवलं,
बिडी विझवली, बोलू दिलं नाही.
चांदणं नव्हतं. तुडुमाचा आवाज तेवढा.
मग पाण्यावर एक नाक,
फक्त नाक,
आणि त्यामागे उकलत गेलेल्या दोन रेघा.
तोंडात कमळाच्या देठाचा तुकडा.
काठाशी आली, थांबली,
आम्हाला ऐकलं असावं,
बुडाली.
पाणी मिटलं
आणि आमच्या पायाखाली, खरंच पायाखाली,
काहीतरी सरकलं.

सकाळी सब्बल घेऊन उतरलो.
एक वाट, तिला फाटा, फाट्याला आंधळा फाटा,
वळणावळणावर आतून लावलेलं मातीचं बूच.
"येडी नाई ते. पानी मागं लागलं
का दारं लावत जाते."
इस्तारीने हात खांद्यापर्यंत आत घातला,
गाल पाळीला टेकलेला, डोळे मिटलेले,
अडलेल्या गाईचं वासरू चाचपावं तसा.

हाती लोंब्या आल्या.
हलक्या धानाच्या, दसऱ्याआधी पिकलेल्या,
सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.
कुणाच्या बांधीतल्या ते त्याला वासावरून कळलं.
नाव घेतलं नाही.

फगनाबाई सूप घेऊन वर उभीच होती.
तिने सगळ्या घेतल्या,
मग एक ओंजळ परत आत टाकली.
"पोरं असतीन तिची."
त्याच ओंजळीवर इस्तारी
चिकणमाती चोपू लागला.
दोघं एकमेकांना काही बोलले नाहीत,
नवरा-बायको असून.

दुपारी झिरपणं थांबलं.

संध्याकाळी, वीस पावलांवर,
आंब्याच्या मुळाशी
पुन्हा ढिगोळी. ताजी, काळी.
इस्तारीने पाय न थांबवता पाहिली.
"उद्याची हजेरी लागली," म्हणाला,
तिची की स्वतःची
ते सांगितलं नाही.